भावाच्या बादलीवरची लाल टेप

माझा स्वभाव आधीपासूनच खवट. त्यात चाकणच्या कंपनीने मला स्वच्छतेचे आणि शिस्तीचे जपानी पाच नियम शिकवले, भिंतीवर माझा फोटो लावला, आणि मग माझ्या तोंडाला कोणी लागेनासं झालं. चहाचा कप टेबलावर ओला ठेवला तर आमच्या सुपरवायझरलासुद्धा मी बोलायचे.

गाड्यांच्या आत वायरींचा जुडगा असतो, तो आमच्याकडे बनतो. मी शेवटच्या टेबलावर, तपासणीला. तयार जुडगा बोर्डवर बसवायचा, दोन्ही टोकं अडकवायची आणि बटण दाबायचं. सगळे दिवे लागले तर माल ओके. एक जरी दिवा लागला नाही तरी त्यावर लाल टेप गुंडाळून तो लाल क्रेटमध्ये टाकायचा. दिवसाला किती जुडगे हातांखालून जायचे ते आता सांगूनही खरं वाटणार नाही.

ती लाल टेप एक दिवस मी घरी आणली. भोसरीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आई, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान भाऊ. वडील पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसशॉपमध्ये कामाला होते, मी दहावीला असताना हार्ट अटॅकने गेले. त्या संध्याकाळी मी भावाच्या बादलीला, मगाला, साबणाच्या डबीला आणि टॉवेलच्या खुंटीला लाल टेप लावली. आईला सांगितलं, लाल खुणेचं त्याचं, बाकीचं आपलं, मिसळायचं नाही. भाऊ कामावरून आला, मोरीत गेला, बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मग आतूनच म्हणाला, "ऑडिट झालं वाटतं आज."

त्याला गजकर्ण होतं. नुसतं गजकर्ण म्हटलं की लोक म्हणतात, त्यात काय, सगळ्यांनाच होतं. खरंच होतं. कारखान्यात दिवसभर घामाने भिजलेला गणवेश, जाड पँट, वरून मशीनचं तेलपाणी, कोणाला होत नाही? पण त्याचं बारा-तेरा वर्षांचा असताना कमरेला सुरू झालेलं वर्तुळ पाठीवर गेलं, मांड्यांवर गेलं, आणि आयटीआय करून तो भोसरीतल्या एका वर्कशॉपला लागला तोवर मानेवर आलं होतं. कातडी काळी आणि जाड झालेली, मधे मधे गाठी. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवस खाज थांबायची, आठवडाभराने दुप्पट पसरायचं. पुढे कळलं, त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. आम्ही ती वर्षानुवर्षं किराण्याच्या यादीत लिहीत होतो.

तोंडही कायम आलेलं. लहानपणी जिभेवर पांढरा थर बसायचा, आई मधात टाकणखार घालून बोटाने चोळायची आणि तो पाय झाडून रडायचा. मोठेपणीही त्याला तिखट चालत नसे. आम्ही लातूरकडचे, ठेच्याशिवाय घास न उतरणारे, आणि हा दही-भाकरी कालवून खाणारा. "नाटकं आहेत नुसती," मी म्हणायचे. त्याच्या प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे एक शब्द तयार असायचा.

मला वाटायचं तो आळशी आहे. नीट अंघोळ करत नाही, अंग कोरडं करत नाही, ओले कपडे घालतो. मी त्याचे कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे, उन्हात उलटे करून वाळवायचे, आणि हे सगळं करताना त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. घरमालकीणबाई गावच्या जुन्या घरातल्या, तोंडावर बोलणाऱ्या. त्या एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "बाय, तुझ्या भावाची कापडं आमच्या दोरीवर नगं टाकू. पोराबाळांचं घर हाय हे." मी शरमेने लाल झाले. वर जाऊन त्याच्यावर आग ओकली. तो जेवत होता, ताट घेऊन बाहेर गॅलरीत गेला.

मग मला बघायला पाहुणे यायचे ठरले. रहाटणीचं स्थळ, चांगलं होतं. मानेवरचे डाग शर्टाच्या कॉलरखाली लपण्यापलीकडे गेले होते. आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "उद्या तू बाहेरच जेव." त्याने विचारलंही नाही का. म्हणाला, "बरोबर आहे, ऑडिटरबाई. रिजेक्ट माल पाहुण्यांपुढे कशाला?" आणि हसला. मीही हसले. आयुष्यात मी त्याला पुष्कळ बोलले, पण ते हसणं मला सगळ्यात जास्त सलतं.

लग्न ठरलं. हळदीच्या आधीच त्याने चाकणला नोकरी धरली आणि कुरुळीत तिघा पोरांबरोबर खोली घेतली. कंपनी जवळ पडते म्हणाला. जाताना त्याने आपली बादली नेली. आई भोसरीतच राहिली, आणि तो दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तिच्याकडे यायचा. मीही रहाटणीहून जायचे. गुरुवारी मी आले की तो दार उघडून बाजूला उभा राहायचा आणि म्हणायचा, "या, तपासून घ्या."

कुरुळीच्या खोलीत त्याच्या तिघाही सोबत्यांना गजकर्ण झालं. त्यांनी डॉक्टर गाठला, महिनाभर गोळ्या खाल्ल्या, तिघांचंही गेलं. हाही त्यांच्याबरोबर गेला होता, त्यानेही त्याच गोळ्या खाल्ल्या. त्याचं गेलं नाही. त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी काय म्हणावं? "बघ, तीच खोली, तेच पाणी, त्याच गोळ्या. त्यांचं बरं होतं, तुझंच का होत नाही? काहीतरी तुझंच चुकतंय ना?" रोज शेकडो जुडगे तपासणारी मी. समोरचा पुरावा हातात घेऊन त्याच्यातून नेमका उलटा निष्कर्ष काढला.

तो अठ्ठावीस वर्षांचा झाला तेव्हा डोकं दुखायला लागलं. आधी वाटलं शिफ्टचा त्रास. मग उलट्या. मग एका गुरुवारी आईच्या घरी उठून उभा राहिला आणि उजवा पाय त्याचा राहिलाच नाही. मी आणि माझ्या नवऱ्याने त्याला पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डोक्याचे फोटो काढले, पाठीतून पाणी काढलं. गाठ दिसली होती, सगळ्यांनी क्षयाची किंवा कॅन्सरची तयारी केली. निघाली बुरशी. गजकर्ण म्हणजेही बुरशीच, जिभेवरचा तो पांढरा थरही.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी त्याची पाठ बघितली, मग त्याला जीभ बाहेर काढायला लावली. मी सवयीने सुरुवात केली, "मॅडम, हा अंघोळच नीट..." त्यांनी हाताने मला थांबवलं. लहानपणी तोंड यायचं का? किती वर्षांचा असताना? अजून येतं? बरोबर राहणाऱ्यांना गजकर्ण झालं तेव्हा त्यांचं बरं झालं का? न्यूमोनिया, गळवं, असं काही कधी झालं होतं? तसलं काहीच नव्हतं झालं. साथीचे ताप आले आणि गेले. आमच्यात सगळ्यात कमी आजारी पडणारा तोच होता.

शेवटी त्यांनी विचारलं, "आईवडील नात्यातले होते का?"

होते. वडिलांनी मामाच्या मुलीशी लग्न केलं होतं. आमच्याकडे मामाची मुलगी असताना बाहेर स्थळ बघणं म्हणजे मामाचा अपमान. आईने ही गोष्ट आयुष्यभर मिरवली. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशीसुद्धा ती त्यांना सांगत होती, "मला कोणी बगायलाच आलं न्हाई. म्या जलमले तवाच ठरलेली. आत्यानं पाळण्यातच मागितली." सासरी गेले तर आत्याच सासू, पदर घ्यायचीसुद्धा सक्ती नव्हती, हे सांगताना तिचा चेहरा खुलायचा.

भावाचं रक्त तपासायला गेलं. माझंही घेतलं. आईचंही लागेल म्हणाले. ती घाबरू नये म्हणून मी आईला म्हटलं, साखर बघायचीय. तिने आनंदाने हात पुढे केला. उत्तर यायला कित्येक आठवडे लागले. तोवर शिरेतून बुरशीचं औषध चालू होतं, त्याने त्याला थंडी वाजायची, दात कडकडा वाजायचे, आणि मी बाजूला बसून त्याचे पाय धरायचे. किती वर्षांनी मी त्याला हात लावत होते, ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. कागदावर चित्र काढून त्या सांगत होत्या. शरीरात पहाऱ्यावरच्या पेशी असतात. बुरशी आली की त्या तिला ओळखतात. माझ्या भावाच्या पेशीही ओळखत होत्या. पुढे पेशीच्या आत एक प्रथिन असतं, ते ही खबर आतवर पोचवतं. खबर पोचली की पेशी बाहेर निरोप सोडते. हे निरोपसुद्धा प्रथिनंच. काही निरोप रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात, काही कातडीला सावध करतात. "इतर जंतूंची खबर न्यायला दुसऱ्या वाटा आहेत, त्या याच्या शाबूत आहेत. बुरशीची वाट मात्र या एका प्रथिनावरून जाते. ते याच्या शरीरात जन्मापासून तयारच होत नाही. खबर पोचत नाही, म्हणून निरोप निघत नाही, म्हणून कोणी येत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे दोन्ही टोकं ठीक आहेत. मधली तार नाही."

त्यांनी चित्रात नेमकी तिथेच फुली मारली. "हो. अगदी तसंच."

"अंघोळीचा काही संबंध?"

"नाही."

"गणवेशाचा? मशीनच्या तेलपाण्याचा?"

"त्यांनी बुरशी लागली असेल. ती सगळ्यांनाच लागते. बरी का झाली नाही, त्याचं कारण ते नाही. त्याने दिवसातून दहा वेळा अंघोळ केली असती तरी हेच झालं असतं."

मग त्यांनी सांगितलं की या प्रथिनाचा नकाशा प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. आईची एक प्रत बिघडलेली निघाली. वडील नव्हते, पण त्यांचीही तशीच असणार, दोघांच्या सामाईक आजोबा-आजीकडून आलेली. माझ्या वाट्याला एक चांगली, एक बिघडलेली आली होती. एक चांगली पुरते. भावाला दोन्ही बिघडलेल्या आल्या. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच ताटात वाढलो, आणि मी माझ्या स्वच्छ कातडीचं श्रेय साबणाला देत आले.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. लोक बाजूने जात होते. मला लाज वाटली नाही.

त्याला सांगितलं तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी अंघोळ करत होतो हे सिद्ध झालं." मी हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, "असं नाही चालणार. लेखी द्या, शिक्क्यासकट." मी खरंच रिपोर्टच्या पाकिटावर लिहून दिलं, "माझी तपासणी चुकली," आणि खाली सही केली. त्याने ते घडी घालून उशीखाली ठेवलं. त्याच दिवशी मी हातमोजे न घालता त्याच्या पाठीला मलम लावलं. कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. तो म्हणाला, "तुला होईल." मी म्हटलं, "झालं तर महिन्याभरात जाईल."

डॉक्टरांनी एक प्रयत्न केला. पांढऱ्या पेशींना बोलावणारं, कामाला लावणारं एक निरोपाचं प्रथिन इंजेक्शनने बाहेरून देता येतं. शरीर स्वतः निरोप धाडत नसेल तर आपण धाडून बघू, असं त्या म्हणाल्या. दोन आठवडे आम्ही जमिनीवर नव्हतो. डोकेदुखी कमी झाली. उजव्या पायाची बोटं हलायला लागली. जीभ इतक्या वर्षांत पहिल्यांदा गुलाबी दिसली. त्याने ठेचा मागितला. आईने घरून करून आणला, बोटाच्या टोकाएवढा त्याने भाकरीला लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाला, "हे तुम्ही रोज खाता? वेडे आहात काय?" आई इतकी हसली की शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईही हसायला लागल्या.

त्याच संध्याकाळी, आई घरी गेल्यावर, तो मला म्हणाला, "एक कर. आईला यातलं काही सांगू नको."

"काय सांगू नको?"

"रक्ताचं. तिचं आणि बाबांचं. तिने आयुष्यभर एकच गोष्ट मिरवलीय. ती पण काढून घ्यायची का?"

"मग तिला काय सांगू? तुला कशामुळे झालं म्हणून?"

"आजवर सांगत होतीस तेच. आळशी होता. अंघोळ करत नव्हता."

मी चिडले. आजवर खोटं बोलले ते अजाणता, आता जाणूनबुजून बोलू? मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगणार आहे की तुझी काही चूक नव्हती, भोसरीत जाऊन घरमालकीणबाईंनासुद्धा सांगणार आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "तुला कळलं ना? मला तेवढं बास," म्हणाला. "शब्द दे." मी दिला. मनात म्हटलं, हा बरा झाला की याच्यासमोरच आईला सांगेन, तिघं मिळून एकदाचं रडू.

तो बरा झाला नाही. डोक्यातली गाठ आतल्या पोकळीत फुटली. चार दिवस तो बोलला नाही, पाचव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या ट्रॉल्या वाजत असताना, गेला. मी तिथेच होते. आई खालून पाण्याची बाटली भरून येईपर्यंत सगळं संपलं होतं, आणि ती बाटली घेऊन दारात उभी राहिली. मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही.

तेराव्याला भोसरीच्या खोलीत बायका दाटीने बसल्या होत्या. गावाकडची माणसं आली होती, त्यांत आईचे भाऊ-भावजया, म्हणजे वडिलांचेही मामेभाऊ. सगळी एकाच रक्ताची माणसं. त्यांतल्या एका मामींनी विचारलं, एवढ्याशा गजकर्णाचं असं कसं झालं? मी चहाचा ट्रे धरून उभी होते. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, प्रथिन, खबर, निरोप, दोन प्रती. एका दमात सांगून मी माझ्या भावाला त्या खोलीत निर्दोष सोडवलं असतं.

आईने माझ्याकडे बघितलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"ही सांगायची," ती म्हणाली. "पोरगी घसा फोडून सांगायची, त्याला नीट अंगूळ करायला लाव, त्याचे लाड करू नको. म्याच ऐकलं न्हाई. म्याच पाठीशी घातलं लेकराला." मग माझा हात धरून, सगळ्यांदेखत, "तू बरोबर व्हतीस, माय. तुजं ऐकलं असतं तर आज जित्ता असता."

त्याने जिला वाचवायला सगळं स्वतःवर घेतलं होतं, तिने शेवटी दोष स्वतःकडेच घेतला होता. आणि खरं सांगितलं असतं तरी तो तिच्याकडेच गेला असता. मी ट्रे खाली ठेवला. तिच्याजवळ बसले, तिला धरलं, म्हणाले, तुझं काही चुकलं नाही. ती मान हलवत राहिली. कशाच्या आधारावर ऐकेल ती? आधार मी देऊ शकत नव्हते.

आता ती माझ्याकडे रहाटणीला असते. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो की ती पुन्हा त्याच्यावर येते. पुन्हा म्हणते, तू बरोबर होतीस. आणि पुन्हा विचारते, "आळशीच व्हता ना गं तो?"

मी म्हणते, "हो आई. होता."